घरबसल्या विमानविद्या

विमानाचा प्रवास आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांसहि अपूर्वाईचा राहिलेला नाहीं. परंतु विमानांत बसणें निराळें आणि विमान चालविणें निराळें. पहिल्यास तिकीट पुरतें. दुसऱ्यास विद्या लागते. ह्या विद्येचे पहिले धडे घरच्या संगणकापुढें बसून घेतां येतात, ही गोष्ट पुष्कळांच्या कानांवर आलेली असेल. पण बहुतेक घरांतून तिची गणना ‘मुलांचे खेळ’ ह्या सदरांत होते आणि तेथेंच ती राहते. आमच्याहि घरीं तसेंच होतें. गेल्या दीड वर्षांत माझें मत कां व कसें पालटलें, आणि ज्यांना हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांनीं सुरुवात कोठून करावी, हें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

ह्या छंदाशीं माझा संबंध आला तो एका घरगुती वादांतून. माझी पुतणी बारावीच्या परीक्षेनंतर एके रात्रीं जेवतांना म्हणाली, “मला वैमानिक व्हायचं आहे.” आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्यामुळें ह्या एका वाक्यावर सात मतें पडलीं. माझ्या वडीलबंधूंनीं खर्चाचा प्रश्न काढला. वहिनींनीं मुलीच्या जातीचा प्रश्न काढला. त्यांना मीं सांगितलें कीं, १९८५ सालींच कॅप्टन सौदामिनी देशमुख ह्यांच्या नेतृत्वाखालीं केवळ स्त्रियांनीं चालविलेलें विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेलें होतें. मातुःश्रींचा प्रश्न मात्र सर्वांत साधा होता. “विमान हवेंत बंद पडलं तर तें उभं कुठं करायचं?” सगळे हंसले, पण उत्तर कोणालाच देतां येईना.

व्यावसायिक परवान्यासाठीं आपल्या देशांत दोनशें तासांचें उड्डाण करावें लागतें आणि त्याचा खर्च कित्येक लाखांच्या घरांत जातो. एवढें कर्ज डोक्यावर घ्यावयाचें तर मुलीची ही हौस आहे कीं ध्यास आहे, हें आधीं कळलें पाहिजे. अखेर असें ठरलें कीं, तिनें कॉलेजचा अभ्यास न बुडवितां एक वर्ष संगणकावर विमान चालविण्याचा अभ्यास करावा, आणि घरांतील एका वडील माणसानें सोबत बसून तो पाहावा. नुकताच सेवानिवृत्त झाल्यामुळें ही कामगिरी माझ्याकडे आली.

भात्यापासून संगणकापर्यंत

ही विद्या संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅमटन येथें एडविन लिंक ह्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. लिंकला विमान चालविण्याचा नाद. परंतु शिकवणीचा खर्च भारी. १९२९ सालीं त्यानें ऑर्गनचे भाते घेऊन त्यांवर एक आंखूड पंखांचें लांकडी विमान बसविलें. आंतील दांडा हलविला कीं भाते फुगत व आकसत, आणि तें खोटें विमान खऱ्याप्रमाणें कलत असे. ज्यांनीं घरीं पेटी वाजविली आहे त्यांना ही युक्ति चटकन् उमगेल. प्रारंभीं हें यंत्र करमणुकीच्या बागांतूनच अधिक खपलें. म्हणजे ‘खेळ’ हा शिक्का त्याच्याहि कपाळीं होता.

तो पुसला गेला तो एका दुर्दैवी प्रसंगानें. १९३४ सालीं अमेरिकेच्या सैन्याकडे विमानानें टपाल नेण्याचें काम आलें. हिंवाळा कडक, ढग दाट, आणि केवळ उपकरणें पाहून उडण्याचें शिक्षण फारच थोड्यांना मिळालेलें. थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां कुठें सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत पांच लाखांहून अधिक वैमानिकांनीं अशा यंत्रांत बसून धडे घेतले. चूक करावी आणि तरी जिवंत राहून ती सुधारावी, एवढीच ह्या यंत्राची देणगी. पण ती लहान नव्हे.

घरोघरीं ही विद्या आली ती मात्र संगणकामुळें. इलिनॉय विश्वविद्यालयांतील ब्रूस आर्टविक ह्यानें १९७५ सालीं संगणकावर विमानाची गति दाखविण्याच्या विषयावर प्रबंध लिहिला आणि पुढें ॲपल कंपनीच्या लहान संगणकासाठीं त्याचा कार्यक्रम केला. १९८२ सालीं तोच मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ह्या नांवानें बाजारांत आला. पडद्यावर चार रेषा म्हणजे धांवपट्टी, आणि एक रेषा म्हणजे क्षितिज, असा तो मामला होता. आरंभ शिकागो शहरांतील सरोवराकांठच्या मीग्ज विमानतळावरून होई. तो विमानतळ २००३ सालीं उखडून टाकण्यांत आला. जुन्या आवृत्त्यांतून मात्र त्याची धांवपट्टी अजून शाबूत आहे. २०२० सालापासूनच्या आवृत्तींत उपग्रहांनीं व विमानांनीं घेतलेल्या छायाचित्रांवरून सर्व पृथ्वीच उभी केलेली असल्यामुळें, आपल्या गांवची नदी व डोंगर आपणांस वरून ओळखतां येतात.

काय घ्यावें, काय घेऊं नये

नवशिक्यानें प्रथम खिशाला हात घालूं नये, असा माझा सल्ला आहे. ‘फ्लाइटगीअर’ नांवाचा कार्यक्रम अगदीं विनामूल्य मिळतो. जगांतील हौशी लोकांनीं मिळून तो तयार केलेला असून साधारण संगणकावरहि तो चालतो. ‘एक्स-प्लेन’ विकत घ्यावा लागतो, पण त्याचा मर्यादित नमुना फुकट पाहावयास मिळतो. पंखाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावर वाऱ्याचा जोर किती, ह्याचें गणित तो क्षणोक्षणीं मांडतो. म्हणून विमानाच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांस तो आवडतो. मायक्रोसॉफ्टची २०२४ सालची आवृत्ति देखाव्यांत सर्वांत सरस. परंतु तिला निदान सोळा आणि सुखानें चालण्यास बत्तीस जीबी मेमरी, चांगलें ग्राफिक्स कार्ड आणि वेगवान इंटरनेट लागतें. घरांतील संगणक कोणता आहे हें पाहूनच निवड करावी. छंदासाठीं नवा संगणक घेण्याची घाई करूं नये.

एक वस्तु मात्र आरंभींच घ्यावी, ती म्हणजे जॉयस्टिक. कळफलकावर बोटें आपटून विमान चालविणें हें पेटीवर तबला वाजविण्यासारखें आहे. थोडक्या हजारांत मिळणारी, मुठीशीं पिळली असतां सुकाणूंहि फिरविणारी साधी जॉयस्टिक वर्षभर पुरते. पायांनीं दाबावयाचीं पेडलें, विमानाच्या धर्तीचें चाक, तीन तीन पडदे, हा पसारा पुढचा आहे. आमच्याकडे तो अद्याप आलेला नाहीं आणि त्यावांचून कांहीं अडलेलेंहि नाहीं.

पहिले तीन महिने

पहिल्या दिवशीं आम्हीं जी चूक केली ती बहुतेक सर्व नवशिके करतात. शेंकडों उतारू नेणारें मोठें जेट विमान निवडलें, कळांच्या गर्दींत गोंधळलों, आणि दहा मिनिटांत तें समुद्रांत बुडविलें. दुसऱ्या दिवशीं शहाणपण आलें. आरंभ करावा तो सेस्ना १७२ सारख्या एका एंजिनाच्या, चार आसनांच्या विमानावर. हें विमान १९५५ सालीं प्रथम उडालें. त्याचे चव्वेचाळीस हजारांहून अधिक नग आजवर तयार झाले आहेत, आणि खऱ्या विमानशाळांतूनहि असंख्य विद्यार्थी ह्यावरच शिकले आहेत.

पहिला आठवडा नुसतें सरळ व समपातळींत उडण्यास द्यावा. हें वाचून हंसूं येईल. पण करून पाहतांना हंसूं मावळतें. दांडा मागें ओढला कीं नाक वर जातें, पुढें दाबला कीं खालीं. डाव्या-उजव्या बाजूस झुकविला कीं विमान त्या कुशीवर कलतें व वळूं लागतें. नवशिका दांडा घट्ट धरून सारखा ओढाताण करतो, आणि विमान डोलकर माणसासारखें वरखालीं होत राहतें. दांडा दोन बोटांनीं धरावा, थोडेंसें हलवून थांबावें, आणि विमान काय म्हणतें तें पाहावें. उतावळेपणा ह्या विद्येंत तत्काळ उघडा पडतो.

दुसरी गोष्ट वेग व उंची ह्यांच्या नात्याची. ती मीं पुतणीस घरच्या हिशेबांत समजावून दिली. उंची ही बँकेंतील ठेव, आणि वेग ही हातांतील रोकड. नाक खालीं केलें कीं ठेव मोडून रोकड हातीं येते. नाक वर केलें कीं रोकड खर्चून ठेव वाढते. एंजिन ही दरमहाची मिळकत. ठेव आणि रोकड दोन्ही एकाच वेळीं संपवून बसणारा गृहस्थ आणि तसाच वैमानिक, ह्या दोघांची गत सारखीच होते.

ह्याच हिशेबांतला सर्वांत अवघड धडा ‘स्टॉल’चा. वेग कमी होत असतांना नाक वर वर उचलीत गेलें, तर एका मर्यादेपलीकडे पंखावरील हवेचा प्रवाह विस्कटतो, पंख विमानास उचलून धरीनासा होतो आणि विमान खालीं येऊं लागतें. खालीं जाणाऱ्या माणसाची उपजत बुद्धि सांगते, ‘वर ओढ!’ खरा उपाय नेमका उलटा आहे. दांडा पुढें द्यावयाचा, नाक खालीं घ्यावयाचें, वेग मिळवावयाचा आणि मग हळूंच वर यावयाचें. भीतीच्या क्षणीं उपजत बुद्धीला बाजूस सारून शिकलेली गोष्ट करणें, हें पुतणीला वीस-पंचवीस वेळां पडल्यावर साधलें. मला अजून खात्रीनें साधत नाहीं.

त्यानंतर विमानतळाभोवतीं चौकोनी फेरी. पंचावन्न नॉटच्या, म्हणजे तासीं सुमारें शंभर किलोमीटरच्या वेगास नाक उचलावें. जमिनीपासून हजार फुटांवर समपातळींत यावें. धांवपट्टी डाव्या हातास ठेवून उलट जावें. दोन वळणें घेऊन तिच्या रेषेंत यावें, आणि साधारण पांसष्ट नॉट वेग राखून उतरावें. महिनाभर आम्हीं हेंच केलें. प्रत्येक उतरण्याची नोंद एका वहींत तिनें लिहावी, आणि काय चुकलें तें एका वाक्यांत खालीं लिहावें, असा नियम ठेवला. ती वही हें आमच्या छंदाचें सर्वांत मोलाचें साधन ठरलें.

जुहू ते पुणें

चौथ्या महिन्यांत पहिला प्रवास ठरविला. निघण्याचें स्थळ जुहू. आणि त्याला कारण होतें. १९३२ सालच्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ जातीचें लहान विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें टपालासह ह्याच जुहूला उतरले, आणि पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं तोच प्रवास पुनः केला. अशा ऐतिहासिक वाटा घरबसल्या पुनः चालणें हा ह्या छंदांतील एक मोठा आनंद आहे.

जुहूहून पुणें सरळ रेषेंत सुमारें एकशेंवीस किलोमीटर. ठाण्याची खाडी ओलांडून पनवेलवरून खंडाळ्याच्या घाटाकडे जावयाचें. उजव्या हातास दिसणारे लोहगड-विसापूर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या आसपास. म्हणून साडेपांच हजारांची उंची धरली. घाट ओलांडला, लोणावळें मागें पडलें, आणि पुतणी हळूंहळूं खालीं येऊं लागली. त्या दिवशीं तिनें हवा मुद्दाम धुरकट ठेवली होती. उंचीमापक अडीच हजार दाखवीत होता. “अजून पुष्कळ आहे, काका,” ती म्हणाली, आणि पुढच्या कांहीं क्षणांत देहूच्या अलीकडील एका टेकडीवर विमान जाऊन आदळलें.

कारण अगदीं साधें होतें. उंचीमापक हा हवेचा दाब मोजून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. पायांखालच्या जमिनीशीं त्याला कर्तव्य नाहीं. जुहू समुद्राकांठीं, पण लोहगांवचा विमानतळच सुमारें १,९४० फुटांवर आहे. अडीच हजारांतून तें वजा केल्यावर शिल्लक उरते ती साडेपांचशें फुटांची, आणि वाटेंतल्या टेकड्या तर तेवढीहि शिल्लक ठेवीत नाहींत. शिवाय त्या दिवशींचा दाब उपकरणांत बरोबर लावला नसेल, तर प्रत्येक मिलिबारमागें सुमारें तीस फुटांची चूक होते ती निराळीच.

पडदा स्थिर झाला होता. एरवीं पडली म्हणजे हंसणारी ती मुलगी त्या दिवशीं हंसली नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, “काका, आपण दोघंहि मेलों असतों.” मग वही उघडून तिनें महाराष्ट्रांतील प्रत्येक विमानतळाची उंची शोधून लिहून काढली. हौस आणि ध्यास ह्यांतला फरक मला दिसला असेल तर तो त्या संध्याकाळीं.

मर्यादा

छंदाची स्तुति करतांना त्याच्या उणीवाहि सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, येथें शरीर खुर्चींतच असतें. खऱ्या विमानांत ढगांत शिरल्यावर कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय माणसास फसवितें. विमान वळत असतां तें सरळ चाललें आहे अशी शपथेवर खात्री पटते. त्या वेळीं कृत्रिम क्षितिजादि उपकरणांवर विश्वास ठेवणें हाच तरणोपाय. घरीं उपकरणें वाचण्याची संवय लागते, परंतु त्या फसवणुकीशीं झगडण्याची संवय लागत नाहीं. दुसरी उणीव अशी कीं, घरीं शिकलेल्यांस उपकरणांकडेच टक लावून बसण्याची खोड जडते. लहान विमानाच्या वैमानिकानें बहुतेक वेळ बाहेर पाहिलें पाहिजे. तिसरी गोष्ट, घरच्या संगणकावरील तास परवान्याच्या हिशेबांत धरले जात नाहींत. आणि चौथी पालकांसाठीं: वेळेचें बंधन हवेंच. आम्हीं दिवसास पाऊण तास आणि परीक्षेच्या महिन्यांत पूर्ण सुटी, असा नियम केला व पाळला.

पुढच्या पायरीस गेलेल्यांसाठीं ‘व्हॅटसिम’ हें जाळें २००१ सालापासून चालूं आहे. त्यांत जगभरचे हौशी लोक विनावेतन नियंत्रकाचें काम करतात आणि आपण खऱ्या वैमानिकाप्रमाणें त्यांच्याशीं बोलून परवानगी मागावयाची असते. मोजके शब्द, ऐकलेला हुकूम पुनः उच्चारून दाखविणें, आणि दुसरा बोलत असतां गप्प राहणें, हे तेथील शिष्टाचार आहेत. आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबास त्यांतील शेवटचा विशेष उपयोगी वाटला.

मातुःश्रींचें उत्तर

वर्ष संपलें त्या सुमारास पुतणीनें आजीला हात धरून संगणकापुढें आणलें. विमान मावळावर साडेपांच हजार फुटांवर होतें. तिनें एंजिन बंद केलें. पंखा थांबला, आवाज गेला, खोलींतील आम्ही सारे सावरून बसलों.

ती म्हणाली, “आजी, खालची जमीन दोन हजारांवर आहे, म्हणजे आपल्याजवळ साडेतीन हजारांची ठेव आहे. दर हजार फुटांमागें हें विमान एंजिनाशिवाय पावणेतीन किलोमीटर जातं. नऊ किलोमीटरच्या आंत एक सपाट शेत शोधायचं, एवढंच.” नाक किंचित् खालीं करून तिनें सदुसष्ट नॉट वेग धरला, वारा कोणीकडून येतो तें पाहिलें, पवनेच्या खोऱ्यांतील एक लांबट पट्टी निवडली, दोनदां वळून उंची घटविली, आणि विमान धक्के खात शेतांत जाऊन थांबलें. एक चाक मोडलें असावें. पण डोकें कोणाचें फुटलें नसतें.

मातुःश्री कांहीं वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बंद पडलं तर तें पडत नाहीं, उतरतं. उतरवणारा शहाणा हवा.”

त्यानंतर वाद झाला नाहीं. वडीलबंधूंनीं दुसऱ्या दिवशीं मला एकट्यास बोलावून, फी भरण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते ना, असें विचारलें, आणि तिचा दिवस स्वतःच ठरवून टाकला. तपासणींत ती उतरली तर पुढें कर्ज, विमानशाळा आणि खरें आकाश आहे. न उतरली तरी हें वर्ष वायां गेलें असें आमच्यापैकीं कोणी म्हणणार नाहीं. वही अजून चालूं आहे. तिच्या मागच्या पानांपासून आतां माझीहि नोंद सुरू झाली आहे. काल मीं जुहूहून निघून लोहगांवला उतरलों. खालीं एक वाक्य लिहिलें आहे: “वेग थोडा जास्त, परंतु उंचीची वजाबाकी बरोबर.”